परत पाठवलेले ओंडके

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी क्लोनडॉकिनमध्ये घरी बसून कस्टम्सची कागदपत्रं करते. सकाळी माझं गिऱ्हाईक असलेल्या नोरीनचा फोन आला. तिच्या गावात लाकूड कापायचा एकच कारखाना आहे आणि त्याचं ऑफिस ती सांभाळते. इथले झाडतोडीचे परवाने रखडलेत, म्हणून ते ओंडके समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडहून आणतात. ब्रेक्झिटनंतरचा त्यांचा पहिलाच ट्रक बंदरावर अडवला होता. लाकडाला कीड नसल्याच्या दाखल्यावर तारीख चुकली होती.

मी बंदरावरच्या अधिकाऱ्यांना फोनवर तासभर विनवण्या केल्या. तरी ट्रक परत पाठवला.

नोरीनला धीर द्यायला म्हटलं, "जकात तर शून्यच आहे, फक्त दाखला नवा लागेल."

ती भडकली. "तुझं शून्य घेऊन काय करू? कापायला लाकूड नाही. आत्ता अकरा जणांना घरी पाठवलं, त्यात माझा नवराही आहे. डिसेंबरात तूच म्हणाली होतीस ना, सगळं ग्रँड होईल, एकदम सुरळीत?"

म्हटलं होतं.

संध्याकाळी आपला हा ग्रुप उघडला, तर चेरीवूडच्या कंपनीतल्या आपल्या समीरची पोस्ट: "जकात लागली नाही, तरी धंदेवाले रडतायत. सवयच आहे यांना." खाली तुमचे हसरे इमोजी.

समीर, उद्या नोरीनला फोन लावते. तिच्याशी तू बोल. आणि हसणाऱ्यांनो, त्या अकरा जणांपैकी एकाच्या तोंडावर तुम्ही असेच हसला असता का?