पिठाची गाडी

पैज लावते, यातला एक शब्द पटायचा नाही तुम्हाला! पटला तर ऐका, नाहीतर पायरीवरून उठा. आमच्या दारात तीन म्हाताऱ्यांनी मोटरसायकल बांधायला काढली, तेव्हापासून किस्से नुसते साचत चाललेत, लोणच्याच्या बरणीत नटबोल्ट साचावेत तसे. खरंच आहेत बरणीत. दाखवू?

तीन म्हातारे म्हणजे एक आमचे हे. दुसरे यांच्या ऑफिसातले सीतारामराव. तिसरा शेजारचा गोपालन. तिघांच्या तीन गाड्या, तिन्ही मेलेल्या. यांच्या गाडीचं इंजिन तेवढं बरं, सीतारामरावांची टाकी आणि सांगाडा बरा, गोपालनची चाकं बरी. "जोडून एक करू, बाजूला बसायचा डबा लावू, आणि एकदा तिघं तिरुवैयारुला नदीवर जाऊन येऊ." तरुणपणी दर रविवारी तिथं डुंबायला जायचे ना, त्याची हौस.

अडचण एवढीच, यांचे हात थरथरतात, सीतारामरावांना दिसत नाही, गोपालनला ऐकू येत नाही. मी म्हटलं, "छान! तीन गाड्या मिळून एक गाडी, तीन म्हातारे मिळून एक ड्रायवर!"

कुणी हसलं नाही. गोपालननं तर ऐकलंच नाही.

*

प्लॅन काढायचा कुणी? समोरच्या शेडमधला मेकॅनिक सेल्वम मला आजी मानतो, म्हणाला, "पाट्टी, तुम्ही काढा." मी चौथी नापास! मला एकच काढता येतं, सकाळचं दारातलं कोलम, ठिपक्यांची रांगोळी. मग काय, सडा घातला, ठिपके मांडले, आणि हे सांगतील तशी तांदळाच्या पिठानं अख्खी मोटरसायकल काढली, खऱ्या मापाची! सीतारामराव वाकून बोटांनी हलकेच चाचपायचे.

दुपारी बघतो तर इंजिन गायब!

"कोणी पुसलं?" सेल्वम ओरडला.

"मुंग्यांनी नेलं. जा, दुसरं शोध!"

तेव्हापासून रोज सकाळी नवा प्लॅन. मुंग्यांचं पोट भरायचं, म्हाताऱ्यांचं मन.

*

एकदा मी गुपचूप मागं एक सीट वाढवली.

"ही कुणाची?" यांनी विचारलं.

"माझी."

"तुझं काय काम तिथं?"

"तुम्हाला नदीतून ओढून कोण काढणार?"

"पूस ती!"

पुसली नाही. उलट दुसऱ्या दिवशी जरा रुंद काढली.

*

हेडलाईट मिळेना. मी सीतारामरावांच्या हातात इडलीच्या भांड्याचं पितळी झाकण ठेवलं. "भावजी, मिळाला बघा!"

त्यांनी चाचपलं, टिचकी मारली, कानाला लावलं. "जुना माल हो वहिनी! असलं काम आता होत नाही."

रोज मांडीवर घेऊन बसायचे. आता कुठल्या तोंडानं सांगू? मी ताट झाकून इडल्या केल्या.

*

मग गोपालन गेला. पेपर वाचता वाचता मान पडली.

तेराव्याला यांनी पानावर बसल्या बसल्या त्याच्या मुलाला हळूच विचारलं, "बाबाची चाकं?"

"अंकल, गाडी भंगारात दिली. जागा अडत होती."

हे पायसम न खाता उठले. दुसऱ्या दिवशी मी पीठ घेऊन वाकले तर म्हणाले, "चाकं काढू नकोस."

बिनचाकाची काढली. येणारे-जाणारे विचारायचे, "पाट्टी, ही काय, म्हैस?"

"हो बाबा, पाय दुमडून बसलीय."

*

सेल्वम यांना म्हणायचा, "तात्ता, शेडमध्ये चाकांचा ढीग आहे, दुसरी लावू." हे ऐकेनात. "गोपालनची नाहीत तर नकोत."

निदान इंजिन तरी ऐका म्हणून त्यानं एकदा ते फळीवर ठेवून सुरू केलं. यांनी वर हात ठेवला. म्हणाले, "बघ गं, आता कळतंय का कोण थरथरतंय?"

जन्मभर थट्टा मी केली. सगळ्यात चांगली यांनी केली, आणि तीच शेवटची.

*

हे पहाटे गेले. दारात सडा नाही, कोलम नाही. निरोप पोचायच्या आत सीतारामराव नेहमीसारखे काठी टेकत आले, वाकले, हात फिरवला. कोरडी जमीन. पुन्हा फिरवला.

"वहिनी, आज गाडी नाही?"

मी त्यांचा हात धरला. ते तिथंच पायरीवर बसले.

सुतक फिटलं त्या सकाळी मी पीठ घेऊन निघाले, तर सून आडवी आली. "आई, आता तुम्ही कोलम घालायचं नाही. लोक काय म्हणतील?"

"कोलम कुठाय? प्लॅन आहे हा!"

अख्खी गाडी काढली. चाकांसकट.

सीतारामराव आले. चाचपत चाचपत सीट शोधली, आणि पांढऱ्या धोतरानिशी बसले की हो पिठात! इडलीचं झाकण पुढं धरलं.

"वहिनी, तुमची सीट पुसली का?"

"नाही."

"मग बसा."

बसले. गुडघे बोंबलले. समोर सेल्वमनं काही न विचारता यांचं इंजिन सुरू केलं. मुंग्या पायावरून चालल्या होत्या. सून दारात तोंडाला पदर लावून उभी.

बऱ्याच वेळानं सीतारामराव म्हणाले, "नदी आली की सांगा."

मी सांगितलं.

जा आता. आणि कडेनं जा, चाकावर पाय देऊ नका.