कंट्रोल काकांची आडवी रेघ

कंट्रोल काका फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसत. घसा खाकरून, कोर्टात निकाल वाचतात त्या सुरात ते एकच शब्द उच्चारत, "कंट्रोल." त्यानंतर आपण आपलं नाव सांगून काही उपयोग नसे. आम्ही रायपूरचे; माझी मुलगी मैत्री घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. तिनं पहिल्यांदा त्यांना फोन लावला तेव्हा म्हणाली, "काका, मैं मैत्री." पलीकडून प्रश्न आला, "ते समजलं बाई. स्टेशन कोणतं?" पोरगी आधी गोंधळली, मग तिनं आमच्या वस्तीचं नाव सांगितलं, "चौबे कॉलोनी." "हां. बोला चौबे कॉलोनी," काका म्हणाले, आणि तेव्हा कुठे संभाषणाला सिग्नल मिळाला.

काका रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. हा माणूस इंजिन चालवत नाही, झेंडी दाखवत नाही, फलाटावर कोणाला दिसतही नाही. तो बंद खोलीत कानाला फोन लावून बसतो आणि समोर असतो भलाथोरला कागद. कागदाच्या डाव्या कडेला वरून खाली स्टेशनांची नावं, माथ्यावर दिवसाचे तास. गाडी एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनाकडे निघाली की तिची तिरपी रेघ ओढायची. गाडी कुठे खोळंबली की तिची रेघ आडवी होते. "तिरप्या रेघेची काळजी नसते," काका सांगत, "आडव्या रेघेकडे पाह्यचं. उभ्या गाडीतही माणसं बसलेली असतात."

निवृत्त झाले तरी नोकरी त्यांच्या अंगातून उतरली नाही. काकू आधीच गेलेल्या, मुलगा पुण्याला, आणि हे तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांत एकटे. मग त्यांनी आम्हालाच गाड्या समजायला सुरुवात केली. माझ्या मेहुणीच्या लग्नात मंडपाच्या दारात गर्दी झाली, तर हे खुर्चीवर चढून म्हणाले, "वऱ्हाड बाजूच्या लूप लाइनीत टाका, आधी नवरदेव पास होऊ द्या." नवरदेव पास झाला. आम्ही पोट धरून हसलो. मी तर घरोघरी त्यांची नक्कल करत असे आणि त्या नकलेवर माझा बराच चहा निघाला आहे.

हसणं थांबलं ते गार्ड भाऊंमुळे. हे काकांचे नोकरीतले सोबती, पुरानी बस्तीत एकटेच राहायचे. न्हाणीत पाय घसरून पडले आणि दोन दिवस तसेच पडून राहिले. दूधवाल्यानं शेजाऱ्यांना हाक मारली म्हणून वाचले. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सगळे जमलो आणि जो तो दुसऱ्याला म्हणू लागला, मला वाटलं तुम्ही जाऊन आला असाल. काका बाकावर बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "तीस वर्षं मी एका गाडीवर दुसरी गाडी आदळू देली नाही. अन् आपला माणूस दोन दिवस उभा होता, मले खबर नाही."

पुढच्या रविवारी त्यांच्या भिंतीवर चार्ट लागला. जुन्या कॅलेंडरांची पानं पालथी करून खळीनं चिकटवलेली. डावीकडे रायपुरातली आमची पन्नासेक मराठी घरं, रेल्वे कॉलनीपासून पुरानी बस्तीपर्यंत, जशी रस्त्यात लागतात तशी. माथ्यावर तारखा, त्यांत सण, पौर्णिमा, वाढदिवस. कोणी कोणाकडे गेलं की काकांना फोन करायचा, मग ते पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढत. ज्या घरी कोणी गेलं नाही त्या घरासमोर लाल आडवी रेघ, रोज बोटभर पुढं सरकणारी. रेघ फार लांबली की फोन येई. "चौबे कॉलोनी, पुरानी बस्तीत सुमन मावशी उभी आहे. काहून?"

"काका, ऑफिसात काम आहे हो."

"मालगाडीलेही काम असते. निघ."

आणि मी निघे. सुमन मावशी म्हणजे एकट्या राहणाऱ्या, मला शाळेत शिकवलेल्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे बसून मला माझ्या अक्षरावरची टीका नव्यानं ऐकावी लागे.

पाच-सहा वर्षं असं चाललं. मग काकांचे डोळे अधू झाले. मोतीबिंदू काढला, तरी एका घराची रेघ दुसऱ्या घरात शिरू लागली. एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. मी कॉम्प्युटरचं छोटं दुकान आणि त्याहून छोटं सॉफ्टवेअरचं काम करतो.

"माझा चार्ट त्या फोनात बसव," ते म्हणाले. "मी गेलो की या कागदात कोणी भजी बांधीन."

"काका, आता व्हॉट्सअ‍ॅप आहे. लोकांना सगळं कळतं."

"चार्ट बंद पडला म्हणून आडव्या रेघा बंद होत नाहीत, पोट्ट्या. फक्त दिसायच्या बंद होतात."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोट्ट्या म्हणवून घेण्यात एक सुख असतं. मी कामाला लागलो.

पहिला नमुना मी मोठ्या दिमाखात नेला. शहराचा नकाशा, त्यावर घरांचे ठिपके, खाली कॅलेंडर, आठवणीची घंटी आणि माझा हुकमाचा पत्ता म्हणजे महिन्यात दहा घरी जाणाऱ्याला सोनेरी पदक. काकांनी फोन भिंगाखाली धरला.

"हे काय चमकून राहिलं?"

"पदक आहे, काका. जास्त घरी जाणाऱ्याला."

"चहा पिल्याचं पदक?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अन् ज्यानं पाजला त्याले काय, चांदीचं?"

पदकं त्याच दुपारी गेली. मग नकाशाची पाळी आली. माझा नकाशा सगळ्यात जवळचा रस्ता दाखवायचा, काकांना तो पसंत नव्हता. "हा रस्ता मावशीच्या मागच्या गल्लीतून जाते. ती पुढच्या ओट्यावर बसते. तिले माणूस येताना दिसला पाहिजे, अर्धी भेट तिथंच होते." त्यांनी प्रत्येक घराचा रस्ता मला तोंडी सांगितला. कुठल्या घराचा कुत्रा साडेदहानंतर बांधतात, कुठं दुपारी दोन ते चार दार वाजवायचं नाही, कोणती नणंद आणि कोणती भावजय एका दिवशी एका घरी पोचता कामा नये. "त्यांचं क्रॉसिंग टाळजो," त्यांनी बजावलं, "तिथं एकेरी लाइन आहे." मी हे सगळं टिपून घेतलं. आजही आमचा चार्ट त्या दोघींना एका वारी एका घरी पाठवत नाही. त्या दोघी हा योगायोग समजतात. हे वाचून समजतील तर माझं काय व्हायचं ते होईल.

चार्ट सगळ्यांच्या फोनात गेला आणि पंधरा दिवसांत एकही आडवी रेघ उरली नाही. मी खूश. काका मात्र भिंग घेऊन बसले. "रविवारी सकाळी दहा वाजता बावीस भेटी? एवढ्या गाड्या घ्यायले जंक्शनलेही फलाट नसतात." आमची माणसं सोफ्यावर बसल्या बसल्या 'भेट झाली' हे बटण दाबत होती. मी पासवर्ड, फोटो, फोनची जागा शोधणं असे जालीम उपाय सुचवले. काकांनी हात हलवून ते सगळे उडवले.

"भेटीच्या खाली लिहायचं, काय खाल्लं. त्याशिवाय भेट धरायची नाही."

"लोक खोटं लिहितील."

"आपला माणूस बाकी सगळं खोटं बोलन. खाण्याबद्दल बोलला तर धरला जाते."

झालंही तसंच. एका गृहस्थांनी सुमन मावशींकडे पुरणपोळी खाल्ल्याचं लिहिलं. मावशींना मधुमेह, घरात साखरेचा कण नाही. काकांनी त्यांना फोन करून फक्त विचारलं, "तूप बरोबर होतं काय?" त्यानंतर ते गृहस्थ आमच्यातले सगळ्यात नियमित पाहुणे झाले.

पण त्या रकान्याचं खरं काम मला उशिरा कळलं. मावशींच्या घरासमोर लागोपाठ तीन भेटी नोंदल्या गेल्या, तिन्हींत 'काळा चहा'. मी त्या नोंदी पाहून पुढं सरकलो होतो. काका थांबले. "मावशी बिनदुधाचा चहा कधीपासून पाजायले लागली? जाऊन पाह्य." गेलो, तर मावशींचे गुडघे इतके सुजले होते की दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाणं होत नव्हतं आणि हे कोणाला सांगणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. तिघं जण बसून चहा पिऊन आले होते, तिघांनाही वाटलं, बाईंनी नवा डॉक्टर केला असेल. मी पुष्कळ गिऱ्हाइकांसाठी पुष्कळ काही बनवलं आहे. माणूस काय सांगत नाही हे कळण्याची सोय मात्र मला काकांशिवाय कोणी शिकवली नाही.

आणि मग तो रविवार आला. चार्ट उघडला तर एकही लाल रेघ नाही आणि या वेळी नोंदीही खऱ्या. उपमा, आलूबोंडा, वरणभात, कोणाकडे नुसते शेंगदाणे. ही बातमी फोनवर सांगण्यासारखी नव्हती. मी स्कूटर काढली आणि तात्यापाऱ्यात गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. काका पलंगावर, उजवा पाय घोट्यापासून फुगलेला, अंगात ताप, उशाशी मुरमुऱ्यांची पिशवी आणि पाण्याचा तांब्या.

"केव्हापासून?"

"मंगळवारचा मंगळवार, अन् वर आजपर्यंत," ते म्हणाले. "तू ते सोड. चार्ट दाखव. सगळे तिरपे आहेत ना?"

मी फोन त्यांच्यापुढं धरला, आणि मग माझ्या लक्षात आलं. रेल्वे कॉलनीपासून पुरानी बस्तीपर्यंत प्रत्येक घर चार्टवर होतं. तात्यापाऱ्यातलं हे घर नव्हतं. भिंतीवरच्या कागदावर नव्हतं, म्हणून मी फोनातही घेतलं नव्हतं.

"काका, तुमचं स्टेशन कुठं आहे?"

"कंट्रोल ऑफिस चार्टवर नसते रे," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तिथून कुठं गाडी जाते."

गेले बारा दिवस आम्ही सगळे त्यांना फोन करत होतो. मी स्वतः चार वेळा केला होता. दर वेळी पलीकडून खणखणीत "कंट्रोल" ऐकू आलं होतं आणि आवाज ऐकला की माणूस भेटला असं आम्हाला वाटत होतं.

डॉक्टर येईपर्यंत मी त्यांच्या पलंगाशी बसून नकाशावर एक ठिपका वाढवला. काका तापातही भांडले. "मले सगळ्यांसाठी चहा करावा लागन." मी पहिली भेट नोंदवली. काय खाल्लं, या रकान्यात लिहिलं, 'मुरमुरे'.

पाय बरा झाला. त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याकडे इतकी माणसं गेली की ते फोनवर तक्रार करत, "सेक्शन जाम झालं आहे, थोडे दिवस थांबा." कोणी थांबलं नाही. गेल्या वर्षी दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठले नाहीत. त्या दिवशीच्या नोंदीत सकाळी घरून पोहे आणि मिरची घेऊन गेलेला पाहुणा आहे. ते माणसाच्या हातचं खाऊन गेले, याचं मला अजून बरं वाटतं.

मुलानं घर भाड्यानं दिलं. चार्टवर मात्र ठिपका राहिला आणि त्याच्यासमोरची लाल रेघ रोज बोटभर वाढू लागली. मैत्रीनं विचारलं, "पापा, काका का स्टेशन हटा दूँ?" मी म्हटलं, राहू दे. चार महिन्यांत ती रेघ चार्टवरची सगळ्यात लांब रेघ झाली आणि एका सकाळी चार्टकडून माझ्या फोनवर आलं : 'आज तुमची पाळी. तात्यापारा.'

मनात होतं, दारापर्यंत जावं, बटण दाबावं, परत यावं. दारात पोचल्यावर आठवलं, काय खाल्लं ते लिहिल्याशिवाय भेट धरली जात नाही. ती अट काकांची होती. मी दार वाजवलं.

एका तरुण बाईनं उघडलं. "काखर घर खोजत हव?" मी कोणाचं घर शोधतोय, हे तिला सांगायला मला पंधरा मिनिटं लागली, हिंदीत, मराठीत, आणि मला येते तेवढ्या छत्तीसगढीत. नवरा कारखान्यात, दोघं महासमुंदकडच्या गावातून आलेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इहां कोनो नइ आवय. बइठव."

इथं कोणीच येत नाही म्हणाली, म्हणून मी बसलो. समोरच्या भिंतीवर खळीचे डाग तसेच होते, मोठ्या चौकोनासारखे. ती आत गेली आणि ताटली घेऊन आली. मी सावकाश खाल्लं, मग फोन काढून रकाना भरला : 'तांदळाचे वाफवलेले फरे, टमाटरची चटणी. चहात दूध होतं.'

लाल रेघ तिथं थांबली आणि तात्यापाऱ्यातून एक तिरपी रेघ निघाली.