चाकं काढली, फ्लोट बसवले

भोरच्या आमच्या खोऱ्यात सपाट जमीन होती. ती धरणाखाली गेली. उरलेल्या उतारावर माझं रिमोटचं विमान दर वेळी चाक दगडाला लागून उताणं पडायचं. "पुण्याला जा, तिथं मैदानं आहेत," असा सल्ला मिळायचा. मी पत्रकं वाचत वाढलोय. वडिलांच्या कपाटात पुस्तकं थोडी, धरणग्रस्तांच्या मोर्चांची पत्रकंच जास्त. पुण्याला का जायचं? सपाट जागा आमचीच आहे, फक्त तिच्यावर पाणी आहे. विमान तिथूनच उडेल, असं मी ठरवलं.

ताईनं आणि मी चाकं काढली. थर्माकोलचे होडीसारखे दोन फ्लोट कापले आणि कळकाच्या कामट्यांनी विमानाखाली बांधले. ज्या व्हिडिओत बघून हे करत होतो, त्यातल्या फ्लोटच्या तळाला मधोमध एक पायरी होती. ताईनं नाक मुरडलं. भाताच्या खाचरात एवढासा उंचवटा राहिला तरी तिला खपत नाही. तिनं दोन्ही तळ घासून गुळगुळीत केले. मलाही ते बरोबरच वाटलं.

विमान पाण्यावर सुसाट धावलं, पण उठेना. पाणी त्याला सोडतच नव्हतं.

काठावर आई शेळ्या चारत होती. तिचं माहेर याच पाण्याखाली आहे.

"एक गाव बुडालं ते पुरं न्हाई का? आता इमान बी बुडवा!"

मी विमान वळवून काठाशी आणलं. ते घ्यायला ताई गाळात उतरली आणि तिचा पाय रुतला. ओढून निघेना.

"अगं, टाच उचल आदी!" आई ओरडली. "भातलावणीला काय नुसती गाणी म्हनत हुतीस व्हय?"

ताईनं टाच उचलली. खाली हवा शिरली आणि पचकन पाय सुटला. ती तशीच चिखलात उभी राहिली.

"पायरी त्यासाठीच होती रे," ती म्हणाली. "हवा शिरायला."

तिथंच बसून आम्ही ब्लेडनं मागचा अर्धा तळ बोटभर कापला. वेल्ह्याकडून वारा येत होता. विमान त्याच्यावर चालून गेलं, फ्लोट पायरीपर्यंत उचलले गेले, मागची फेसाची पांढरी रेघ तुटली आणि ते वर गेलं. ताई किंचाळली.

आई शेळ्या सोडून माझ्याजवळ आली. "जरा डावीकडं घे."

"का?"

"तितं आमचं खाचर हाय."

मी वळवलं.

"हां. आता बांद आला. आता जांबळीच्या झाडावरनं घे."

ती सांगेल तसं मी विमान फिरवत राहिलो. बॅटरी संपत आली तेव्हा विचारलं, "कुठं उतरवू?"

"खाचरातच उतरव की," ती म्हणाली. "जागा आपलीच हाय."