रविवारचे पहिले वाक्य

बैठक सुरू करताना सुमनताई साळवे नेहमी एकच वाक्य बोलत. "माझा मुलगा काविळीने गेला नाही." मग त्या चष्मा काढून पदराने पुसत, परत लावत आणि समोरच्या पहिल्या माणसाकडे बघत. "हं, तुम्ही." दर रविवारी सकाळी हे असेच होई. नव्याने आलेल्या आईबापांना वाटे की बाईंना पुढे काही सांगायचे आहे आणि त्या अडखळल्या आहेत. जुन्यांना माहीत असे की त्यांचे सांगून झाले आहे.

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत एक बुद्धविहार आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ही बैठक भरे. ज्यांची सोळा-सतरा वर्षांची मुले व्यसनमुक्ती केंद्रात काही महिने राहून घरी यायची असत, किंवा नुकतीच आलेली असत, असे पालक तिथे येत. विहार ताईंच्या घरापासून लांब होता, तरी जागा त्यांनीच निवडली होती. "स्वारगेटला कोण कशाला आलं, हे कुणी विचारत नाही," त्या म्हणत. "एसटी धरायला आलो म्हणायचं. तेवढी एक थाप मी चालवून घेते."

ताई टेलिफोन खात्यात होत्या. उमेदीची वर्षे त्यांनी ट्रंक कॉल जोडण्यात घालवली. कानाला हेडफोन लावून परगावची लाइन मिळवायची, बोलणे सुरू करून द्यायचे आणि वेळ संपली की मध्ये बोलून सांगायचे. मग थेट डायलिंग आले, कोपऱ्याकोपऱ्यावर बूथ आले, खिशाखिशात मोबाइल आले. ट्रंकचा विभाग बंद झाला आणि ताईंना तक्रारींच्या खिडकीवर बसवले. तिथून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण एक सवय राहिली. बैठकीत कोणी स्वतःच्या नशिबावर, बायकोच्या लाडावर किंवा मुलाच्या मित्रांवर घसरला, की त्या शांतपणे म्हणत, "तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत का?" बहुतेक जण गप्प बसत. एखादा खरोखर वाढवून मागे आणि तेव्हा कुठे कामाचे बोलू लागे.

शहराच्या पूर्वेकडे आयटी पार्क उभे राहिले, जमिनींना भाव आले आणि त्याच भागातली मुले केंद्रात दिसू लागली, तेव्हा या विषयावर लेखमाला करण्याचे काम वर्तमानपत्राने मला दिले होते. मी वही काढून दारात उभा राहिलो. ताई म्हणाल्या, "लिहायचं असेल तर बाहेर. बसायचं असेल तर चप्पल काढा." मी चप्पल काढली. लेखमाला दुसऱ्या कोणीतरी केली. माझ्याकडे एक जुनी मोटार होती, हे चौथ्या-पाचव्या रविवारी ताईंना कळले आणि तेव्हापासून शनिवारच्या घरभेटींना त्यांना नेण्याचे काम माझ्याकडे आले.

मूल केंद्रातून परत यायच्या आदल्या दिवशी ताई त्या घरी जात. आईबापांची तयारी झालेली असे. खोलीला नवा रंग, नवा मोबाइल, कधी नवी मोटारसायकल. औक्षणाचे ताट, पेढे, आत्या-मावश्यांना निरोप. ताई यातले काही बघत नसत. घरातल्या प्रत्येकाला वेगळे बाजूला घेऊन त्या एकच प्रश्न विचारत. "मुलगा इतके महिने कुठं होता, असं तुम्ही लोकांना सांगितलंय?"

खराडीत एका उंच इमारतीत नवराबायको दोघे सॉफ्टवेअरमध्ये होते. वडिलांनी ऑफिसात सांगितले होते, मुलगा पाचगणीला बोर्डिंगमध्ये आहे. आईने बहिणीला सांगितले होते, त्याला क्षय झालाय, मिरजेला ठेवलाय. आजीने लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायकांना सांगितले होते की तो मामाकडे अमेरिकेला गेलाय. ताई सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "घरात मुलगा एक आणि तो तीन गावी. उद्या दार उघडल्यावर नक्की कुठला घरात घेणार?"

"मॅडम, हे त्याच्याच प्रायव्हसीसाठी आहे," वडील म्हणाले.

"त्याच्यासाठी असतं तर त्याला विचारून ठरवलं असतं. तुम्ही त्याला उद्यापासून पाठांतराला बसवताय."

त्यांचे म्हणणे असे होते. व्यसन करणाऱ्या मुलाला खोटे बोलण्याचा सराव असतो. केंद्रात तो महत्प्रयासाने मोडतात. मूल घरी येते आणि उंबऱ्यातच घरचे लोक त्याच्या हातात नवे खोटे देतात, तेही प्रेमाने. म्हणून जी माणसे त्याला पहिल्या आठवड्यात भेटणार आहेत, तेवढ्यांना तरी आईबापांनी आधी खरे सांगून टाकावे. गावभर दवंडी नको, पण जे सांगितले ते परत घ्यायचे. बाकी सूचना किरकोळ होत्या. औक्षण नको, भाषण नको. "पहिल्या दिवशी रोजचं जेवण वाढा आणि गप्प बसा." खोलीची झडती घेण्याबद्दल त्या म्हणत, "तपासायची तर त्याच्यासमोर तपासा. चोरून ओढणारा आणि चोरून तपासणारा, दोघांची सवय एकच."

ताई सगळ्यांना आवडत नसत. बरेच पालक एकदा येऊन पुन्हा फिरकले नाहीत. एका आईने भर बैठकीत त्यांना ऐकवले, "तुम्ही तुमचा मुलगा घालवलात, त्याचा राग आमच्यावर काढता."

"हो," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणावर काढू?"

मुलाची, संजयची, हकीकत त्यांनी मला मोटारीत सांगितली, मांजरी गावाहून परतताना, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो असताना. संजय एकुलता एक. वडील लवकर गेले होते. कॉलेजात जायच्या वयात तो ब्राउन शुगरला लागला. ताईंनी त्याला मुंबईच्या केंद्रात ठेवले आणि नात्यात, खात्यात सांगितले की काकांकडे नागपूरला शिकायला गेलाय. तो परत आला तेव्हा जो तो नागपूरबद्दल विचारू लागला. संजय सांगू लागला. तिथला उन्हाळा, काकूंचा तिखट रस्सा, घराजवळचे तळे. "त्याने नागपूर पाहिलेलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "पण इतकं छान सांगायचा की मीच हसायचे. लोकांसमोर मीच म्हणायचे, अरे, तो तळ्याचा किस्सा सांग ना." दोन महिन्यांनी तो गेला. कसा, हे त्यांनी सांगितले. ते इथे लिहिण्याची गरज नाही. लोकांना त्यांनी कावीळ सांगितली.

ट्रॉल्या हलल्या. ताई म्हणाल्या, "चला, रस्ता मोकळा झालाय."

बबनराव हे खराडीच्या जुन्या गावठाणातले शेतकरी. शेत आता एका आयटी पार्कच्या आवारात गेले होते. त्यांचा सतरा वर्षांचा अनिकेत गांजावरून गोळ्यांवर गेला आणि केंद्रात दाखल झाला. बबनराव रविवारी कोपऱ्यात बसत, टोपी मांडीवर ठेवून. बोलत कमी. पण एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

अनिकेत यायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे निघालो. गावठाणाच्या चौकात विजेच्या खांबाला भलामोठा फ्लेक्स बांधलेला होता. 'क्रिकेट अकादमीतील खडतर प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल चि. अनिकेत याचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ.' अनिकेतचा फोटो होता. त्याच्याहून मोठा फोटो त्याच्या चुलत्याचा, सुरेशचा होता. त्याला नगरसेवक व्हायचे होते. ताईंनी मला मोटार थांबवायला लावली आणि तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला.

"खडतर हा शब्द तेवढा खरा आहे," त्या म्हणाल्या.

घरी गेल्यावर त्या बसल्याही नाहीत. "बबनराव, तो काढा."

"ताई, त्यो सुरेशनं लावलाय. मी नुसतं अकादमी म्हणालो हुतो. आता काढायचा म्हंजी कारण सांगावं लागंल."

"सांगा."

"भावकीत?"

"हो."

"ताई, पोराचं पुढं लगीन व्हायचंय."

"लग्नाला मुलगा लागतो, बबनराव."

बबनरावांची बायको आतून चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. चहा कोणी घेतला नाही. फ्लेक्स काढला गेला नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रातून येताना अनिकेतने तो पाहिला. बबनरावांनी नंतर बैठकीत सांगितले, "हसला जरासा. मला वाटलं, खूश झाला."

पुढचे व्हायला फार वेळ लागला नाही. अकादमीतून आलेला खेळाडू म्हणून गावच्या संघाने अनिकेतला स्पर्धेत घेतले. पहिले षटक त्याच्याच हातात दिले. त्याचे चेंडू यष्टींपासून लांब कुठेही पडू लागले. मैदानाच्या कडेला बसलेल्यांपैकी कोणी म्हणाले, "अकादमीकडनं फी परत घ्या रं." सगळे हसले, सुरेशसुद्धा. अनिकेत षटक अर्धवट टाकून निघून गेला. तो घरी आला तेव्हा शुद्धीवर नव्हता. महिन्याभरात त्याला पुन्हा केंद्रात न्यावे लागले. बबनरावांनी गावात सांगितले, पुढचा कोर्स आहे.

ताई या वेळी रागावल्या नाहीत. बैठक संपल्यावर जिन्यात त्यांनी बबनरावांना गाठले. "आता परत येईल तो कुठून येईल? की थेट भारताच्या संघातून?"

बबनराव म्हणाले, "तोंड उघडाया जातो ताई. पर शब्दच येत न्हाय."

"मलाही दहा वर्षं आला नव्हता," ताई म्हणाल्या. "माझी घाई एवढ्यासाठीच, की माझा ऐकायला राहिला नाही."

त्यानंतरच्या आठवड्यात ताई गेल्या. छातीत दुखू लागले म्हणून शेजाऱ्यांनी रुग्णालयात नेले, तिथे दुपारपर्यंतच त्या होत्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याच विहारात, खालच्या सभागृहात झाला. वंदना झाली, भंतेजी बोलले, टेलिफोन खात्यातल्या दोन सहकारी बोलल्या. रविवारचे पालक मागच्या रांगांत बसले होते. एकमेकांना ओळखत नसल्यासारखे वागायची त्यांना सवय होती. बबनरावांबरोबर सुरेश आला होता. मोटार तो चालवत होता. ताई कोण, याबद्दल त्याला 'ओळखीच्या बाई' एवढेच सांगितलेले होते. तो दाराशी उभा राहिला.

शेवटी ताईंचे धाकटे भाऊ बोलायला उठले. मंत्रालयातून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी बहिणीचा जीवनपट नीट लिहून आणला होता. शिक्षण, नोकरी, धम्मकार्य. मग त्यांनी वाचले, "ऐन उमेदीत एकुलता एक मुलगा संजय काविळीने गेला. परंतु ताई खचल्या नाहीत."

मागच्या रांगांत हालचाल झाली. भावाला खरे माहीत नव्हते, की माहीत असून त्यांनी बहिणीची आब राखली, ते मी विचारले नाही. त्यांनी पुढचे वाक्य वाचायला घेतले तेव्हा बबनराव उभे होते. टोपी हातात होती.

"साहेब, माफ करा," ते म्हणाले. "मी बबन. खराडीचा. पर ते काविळीचं खरं न्हाय. ताई दर रविवारी सांगायच्या, माझा मुलगा काविळीनं गेला न्हाय. हितंच, वरच्या खोलीत. पहिलं ते सांगायच्या, मग आमचं ऐकायच्या. आता त्या न्हाईत. म्हनून कुनीतरी सांगाया पायजे."

भाऊ कागद धरून उभे राहिले. कोणी बबनरावांना बसा म्हणाले नाही. ते एकदा दाराकडे वळले.

"आन माझा पोरगा अकादमीत न्हाय. पहिल्या बारीला बी नव्हता. गोळ्यांच्या नादानं केंद्रात ठेवलाय, दोनदा. सुरेश, तू ऐकतुयास न्हवं?"

सुरेशने मान हलवली की नुसती खाली घातली, ते दिसले नाही. बबनराव आणखी बराच वेळ बोलत होते. फ्लेक्स, ते षटक, पोराचे ते हसणे. त्यांना वेळेची आठवण कोणी करून दिली नाही. ते बसल्यावर भावाने कागदाची घडी घातली आणि पुढचे न वाचताच सांगितले, "धन्यवाद. आपण आलात, बरं झालं."

अनिकेतला आणायला बबनरावांनी मला बरोबर घेतले. "ताई असत्या तर त्या आल्या असत्या," एवढेच ते फोनवर म्हणाले. मुलगा मागे एकटा बसला. गावठाणाच्या चौकात मी मोटार हळू केली. पारावर चार-पाच जण बसले होते. त्यांत सुरेश होता. त्याने हात वर केला नाही आणि तोंडही फिरवले नाही. अनिकेतने आधी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याने खांबाकडे पाहिले. तिथे जुन्या फ्लेक्सच्या सुतळ्या तेवढ्या लोंबत होत्या.

"या बारीला काय लावलं न्हाय," बबनराव पुढे बघतच म्हणाले. "समद्यांना सांगितलंय. कुठं हुतास त्ये."

"कुणाला?"

"समद्यांना."

चौक मागे पडला. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर अनिकेतने विचारले, "मग आता कुणी विचारलं तर मी काय बोलायचं?"

बबनरावांनी माझ्याकडे पाहिले.

"काय बोलू नको," ते म्हणाले. "भाकरी केल्यात. जेव."