स्वामींच्या वहीतली माझी तारीख

देवावरचा माझा विश्वास नेमका कधी उडाला हे सांगता येणार नाही, पण गळ्यातलं लिंग कधी काढलं ते मला चांगलं आठवतं. बीडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर म्हणून लागून आठवडाच झाला होता. वाकून काम करताना दोरा सदऱ्यातून बाहेर आला, लोखंडाचा तुकडा पकडून फिरणाऱ्या चकच्या अगदी जवळ गेला आणि फोरमन माझ्या नावाने ओरडला. आमच्या लिंगायत घरांत बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी स्वामी, म्हणजे आमचे जंगम पुरोहित, येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधायचे. ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नसतं. मी उतरवलं. त्या दिवसाचं कारण खरं होतं. पण घरी गेल्यावर परत घालायचं ते आज घालू, उद्या घालू करत राहूनच गेलं आणि लिंग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, एका बंद पडलेल्या घड्याळाखाली जाऊन बसलं. पुढे तर मी मित्रांत शहाणपणाने म्हणू लागलो, की खरंच कोणी असता तर डब्यातून हाक मारली असती!

ते दिवस देश खुला होण्याचे होते. टीव्हीवर नवी चॅनलं, दुकानांत नवे साबण, आणि आमच्या वर्कशॉपात मात्र सामसूम. आम्ही उसाच्या चरकांचे आणि पंपांचे सुटे भाग करायचो. तेच भाग आता बाहेरून चकचकीत खोक्यांत तयार येऊ लागले. मालक सज्जन माणूस. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की वर्षभर कसंबसं ओढतो, पुढचं आपापलं बघा. माझं लग्न उशिरा झालेलं, लेथ सोडून दुसरं काही येत नाही. त्याच सुमारास पेपरात वाचलं, की ऑस्ट्रेलियात कुशल कारागीर हवे आहेत, व्हिसा गुणांवर मिळतो. वयाला गुण, शिक्षणाला गुण, हुन्नराला गुण.

औरंगाबादला एक एजंट ही कामं करायचा. त्याचा आकडा ऐकून मी त्याच्याच माठातलं पाणी पिऊन बाहेर आलो. मग स्वतःच दिल्लीच्या वकिलातीला पत्र टाकलं. तिकडून जाडजूड माहितीपुस्तक आणि फॉर्म आला. ते सगळं मी डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं. बायको म्हणायची, दहावीला एवढा अभ्यास केला असता तर लेथवर उभं राहायची वेळ आली नसती. आयटीआयचं प्रमाणपत्र, मालकांचा दाखला, सगळे कागद जोडून, टायपिंगच्या क्लासमध्ये टाइप करून मी फॉर्म पाठवला. छाती अशी फुगली होती, की पोस्टातून घरी येईपर्यंत तीन जणांना थांबवून सांगितलं, एजंटबिजंट काही लागत नाही.

चार महिन्यांनी उत्तर आलं. वकिलातीने विचारलं होतं, की अर्जदाराची जन्मतारीख एक जून, पत्नीची एक जून, बहिणीची एक जून, हे कसं? शिवाय अर्जदार आणि त्याचा धाकटा भाऊ यांची तारीख आणि सालही एकच आहे. आपण जुळे आहात काय? नसल्यास खऱ्या जन्मतारखेचा पुरावा साठ दिवसांत पाठवा, नाहीतर अर्ज बंद करू.

आता दिल्लीतल्या त्या माणसाला काय सांगायचं? आमच्याकडे शाळेत नाव घालताना आई सांगायची, ज्वारी काढायच्या दिवसांत झाला, आणि गुरुजी बोटं मोजून साल काढायचे व पुढे एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, हिशेब सोपा. मला घरच्या दुकानात हाताशी लागतो म्हणून दोन वर्षं मागे ठेवलं होतं, त्यामुळे मी आणि धाकटा एकाच दिवशी पहिलीत गेलो. गुरुजींनी दोघांना एकाच फटक्यात जन्माला घातलं. आमचं अर्धं गाव एक जूनचं आहे आणि त्यात आजवर कोणाला काही चुकीचं वाटलं नव्हतं.

मी तहसीलला गेलो, ग्रामपंचायतीत गेलो. त्या वर्षांची जन्मनोंद काही सापडली नाही. शेवटी मान खाली घालून त्याच एजंटकडे गेलो. तो हसला. म्हणाला, "कावून येवढा ताण घेता? तुमी फकस्त तारीक सांगा, तसा दाखला करून देतो. बुधवारी फोटू घिऊन या." मी हो म्हणून आलो.  खोट्या कागदाची भीती होती, आणि खरी तारीख सापडण्याचीही होती. कारण मी खरंच दोन वर्षांनी मोठा निघालो तर पस्तिशीच्या पलीकडे जाणार होतो आणि तिथे वयाचे गुण घसरत होते.

आई त्या वेळी माझ्याकडे बीडला आलेली. श्रावण होता. ती म्हणाली, "सोमवारी मला कपिलधारला ने." कपिलधार म्हणजे बीडजवळचं आमच्या लिंगायतांचं देवस्थान. मी वैतागून म्हणालो, माझी इथे पाचावर धारण बसलीय आणि तुला देवदर्शन सुचतंय. ती म्हणाली, "मंग घरी बसून काय साठ दिवसाचे सत्तर व्हनार हायेत?" सोमवारी तिला घेऊन एस्टीत बसलो.

दर्शन झालं. मी हात जोडले, पण मागितलं काही नाही. ज्याला डब्यात ठेवलं त्याच्याकडे मागायला तोंड नव्हतं. धबधब्याजवळच्या पायऱ्यांवर बसून आम्ही दशम्या सोडल्या. शेजारी कपाळभर भस्म लावलेली एक म्हातारी एकटीच बसली होती. आईने तिच्या हातावर दशमी ठेवली आणि ठेवता ठेवता माझी सगळी कर्मकहाणी तिला ऐकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी मात्र एक जूनचं ऐकून खुदुखुदु हसत सुटली.

"कुन्या गावच्या तुमी?" तिने विचारलं. आईने धारूरजवळचं आमचं गाव सांगितलं.

म्हातारीचं हसू थांबलं. "तुमच्या गावाला तर माझे सासरेच यायचे, लिंग बांधाया."

"सायकलवाले स्वामी?" आई जवळजवळ ओरडलीच.

"तेच. अवं, ते तर समदं लिव्हून ठिवायचे! लेकरू कुनाचं, वार कोंचा, तिथी कोंची, समदं वहीत. त्यास्नी जाऊन लई वर्षं झाली, पर वह्या हायेत घरी. युसूफ वडगावला ऱ्हाते मी लेकाकडं. मागच्याच सोमवारी येनार व्हते हितं, पर एस्टी चुकली."

मी हातातली दशमी फडक्यात परत ठेवली. माहितीपुस्तकातली एक ओळ मला आठवली. जन्मदाखला नसेल तर जन्मानंतर लगेच झालेल्या धार्मिक विधीची नोंद चालेल, असं तिथे लिहिलं होतं. ती ओळ मी डिक्शनरी घेऊन वाचली होती आणि हे ख्रिस्ती लोकांसाठी असणार म्हणून पुढे गेलो होतो. आपल्याही घरात तसाच विधी होतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पहिल्या गाडीने आई आणि मी युसूफ वडगावला पोचलो. म्हातारीच्या मुलाने देवघरावरच्या फळीवरून लाल फडक्यात बांधलेल्या वह्या काढल्या. कोपरे उंदरांनी खाल्ले होते, पण अक्षर टपोरं होतं. तिसऱ्या वहीत वडिलांचं नाव दिसलं. खाली शक, तिथी, वार, आणि पुढे स्वामींनी लिहिलं होतं, 'यांचे घरी पहिला मुलगा. पाचव्या दिवशी लिंग बांधिले. बाळ फार रडले. लिंग हाती दिले तेव्हा शांत झाले.'

मी ती ओळ दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा मला अक्षरं दिसेनात. म्हातारी सहज म्हणाली, "मंग आता हाय न्हवं गळ्यात?" मी सदऱ्याची वरची गुंडी लावली. आई पुढे सरकली. तिने लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि माझं लिंग, नव्या दोऱ्यात ओवलेलं, माझ्यापुढे धरलं. कपिलधारला जायच्या आधीच तिने ते डब्यातून काढलं होतं. तिथल्या धारेखाली धुऊनही आणलं होतं. एवढी वर्षं तिला सगळं माहीत होतं आणि तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी पुढे वाकलो. चाळिशीकडे झुकलेला मी, परक्या घरात, हुंदके देऊन रडलो. म्हातारी आईला म्हणाली, "सासऱ्यांनी बरूबर लिव्हलंय, लई रडतंय."

काही पानांनंतर धाकट्याचीही नोंद होती. मी खरंच त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होतो. म्हणजे पुरावा मिळाला होता आणि गुण गेले होते. परतीच्या एस्टीत मी बोटांवर बेरीज केली. कामाच्या अनुभवाचे गुण अधिकाऱ्याने मनापासून दिले तरच काठावर निभावणार होतं. एजंटकडे जायला अजून एक दिवस होता. पण गळ्यात लिंग होतं आणि मनात, खरं सांगतो, एक हलकेपणा आला होता. आता जे व्हायचं ते खऱ्या तारखेवर होऊ दे, असं मी गळ्यातल्या त्याला सांगून टाकलं आणि खिडकीला डोकं टेकून झोपलो. बुधवारी मी लेथवर होतो.

जुन्या पंचांगावरून तारीख काढली, वहीच्या पानाची झेरॉक्स केली, म्हातारीने केजच्या तहसिलात येऊन प्रतिज्ञापत्रावर आनंदाने अंगठा दिला. सगळं दिल्लीला गेलं आणि काही महिन्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घ्यायला पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "या कागदाने तुमचे गुण कमी होतात, हे तुम्हाला माहीत होतं?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, हो, पण खरी तारीख हीच आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग अर्धा तास त्या लेथबद्दल विचारत राहिल्या, आणि तिथे मी घरच्यासारखा बोललो. चक, स्क्रूचे आटे, एका सुताचा फरक, सगळं. निघताना त्यांनी हसून विचारलं, की तुमच्या गावात एक जूनला केक कसे पुरतात? तीन महिन्यांनी व्हिसा आला. गुण काठावर भरले होते, एकही जास्त नव्हता.

आज मी मेलबर्नमध्ये लेथवरच काम करतो. लिंग आता बनियनच्या आतल्या खिशात शिवून ठेवलेलं असतं. चकचाही धोका नाही आणि मलाही निमित्त नाही. कोणी विचारलं तर एजंट केला नाही हे मी आजही मिरवून सांगतो, पण सगळं एकट्याने केलं असं मात्र सांगत नाही. मला फक्त फॉर्म भरता येत होता. माझा पुरावा मला भाषा कळण्याआधीच लिहून ठेवलेला होता, आणि ज्याच्या नावाने लिहिला होता त्याची मी थट्टा करत होतो. त्याने ती मनाला लावून घेतली नाही, एवढंच मला त्याच्याबद्दल कळलं आहे आणि तेवढं पुरतं.

इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी स्वामी कुठून आणणार? आम्ही निघतानाच आईने एक लहान लिंग बायकोच्या पेटीत घातलं होतं. ते मीच अंघोळ करून मुलीच्या गळ्यात बांधलं, क्षणभर तिच्या मुठीत दिलं, आणि एक नवी वही काढून पहिल्या पानावर तिचं नाव, जन्माचा वार, तिथी आणि तारीख लिहिली. मग आईला फोन लावला. तिने जन्माची तारीख विचारली. मी हसू दाबत म्हणालो, एक जून.

तिने मला तारीख पुन्हा एकदा म्हणायला लावली. मग आई म्हणाली, "खरं सांग, कोन्या गुरुजीनं लिव्हली?"

मी बनियनच्या खिशातल्या लिंगावर हात ठेवून म्हणालो, "या वेळेला त्यानंच लिहिली, आई."