टेकडीवरची अकरा मिनिटं

माझी शेवटची नेमणूक मॉसन लेक्सला झाली. ॲडलेडच्या उत्तरेला, युनिव्हर्सिटीच्या मैदानावर. हत्यार लाकडी ढाल आणि तलवार. हुकूम देणारी माझी धाकटी मुलगी, केतकी.

आपल्याकडची मुलं तेव्हा विमानं भरभरून ऑस्ट्रेलियाला शिकायला जात होती. केतकी अकाउंटिंगच्या मास्टर्सला गेली आणि तिथे जुन्या लढाया वठवणाऱ्या क्लबात शिरली. मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो होतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला बाप सोफ्यावर नुसता बसलाय, हे तिला बघवेना.

"बाबा, युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला, लोक कॅम्पस बघायला येतात तेव्हा, आमची बॅटल आहे. एक माणूस कमी पडतोय. तुम्ही येताय."

"करायचं काय?"

"टेकडीवर उभं राहायचं. सिंपल."

जेवताना तिने सगळा इतिहास सांगितला. प्लँटॅजनेट घराणं. इंग्लंडवर तीनशेहून जास्त वर्षं राज्य. पहिला राजा एकविसाव्या वर्षी गादीवर आला आणि अर्धा फ्रान्सही त्याच्या हाताखाली होता. त्याच्यावर पहिली तलवार उपसली ती त्याच्याच मुलांनी. पुढे चुलतभावाने चुलतभावाला कैदेत टाकून गादी घेतली, भावाने भावाला संपवलं. शेवटी दोन कोवळे राजपुत्र किल्ल्यात कोंडले गेले, ते कुणाला पुन्हा दिसलेच नाहीत. त्यांचा काका राजा झाला. तो या घराण्याचा शेवटचा.

"शत्रूने नाही, बाबा, घरच्यांनीच खाल्लं त्यांना," केतकी म्हणाली. "शेवटच्या लढाईत राजाचा घोडा चिखलात रुतला. लोक म्हणाले, दुसरा घोडा घ्या आणि पळा. तो पळाला नाही. डोक्यावरचं शिरस्त्राण गेलं, कवटीत परशू बसला. नंतर नागडं प्रेत घोड्यावर आडवं टाकून गावभर नेलं."

"आणि टेकडीवर मी कोण?"

"एक सरदार. सगळी फौज घेऊन नुसता बघत उभा राहतो. मग उतरतो, पण राजावरच. मी शिट्टी वाजवली की उतरायचं."

मी बरं म्हटलं. ताट सिंकमध्ये नेऊन ठेवलं. टेकडीवर मी आधीही एकदा उभा राहिलो होतो.

तेव्हा मी हवालदार होतो. काश्मिरातलं एक गाव, गावाखाली नाला. नायक दत्ताराम कदम चार जवान घेऊन नाल्यातून झडती घेत सरकत होता. मी नऊ जवानांसह वर टेकडीवर, स्टॉप पार्टी म्हणून. स्टॉप पार्टीचं काम पळणाऱ्याची वाट अडवायचं. हुकमाशिवाय जागा सोडायची नाही. दत्तू आणि मी एकाच दिवशी भरती झालेलो, ट्रेनिंगमध्ये खाटेला खाट लावून झोपलेलो.

चौदा-दहाला, म्हणजे दुपारी दोन-दहाला, गोळ्यांचा पहिला बर्स्ट आला. शिपाई विलास मोरेच्या गळ्यातून गोळी गेली, तो जागीच संपला. शिपाई तानाजी मांडी फुटून उघड्यावर पडला. दत्तूच्या मागे मोठे दगड होते. उरलेल्या दोघांना घेऊन तो तिथवर येऊ शकला असता. त्या दोघांना त्याने दगडांमागे पाठवलं आणि स्वतः तानाजीकडे निघाला.

मी कंपनी कमांडरला वायरलेस सेटवर गाठलं. तो अल्फा, मी डेल्टा.

"अल्फा, डेल्टा. खाली उतरायची परवानगी. ओव्हर."

"डेल्टा, वेट. आउट."

चौदा-तेराला सेटवर दत्तूचा आवाज आला. अल्फा-डेल्टासारखं सांकेतिक नाव नाही, ओव्हर नाही.

"गणपत, खाली ये."

मी पुन्हा परवानगी मागितली. पुन्हा तेच, वेट, थांबा. दुर्बिणीतून मला सगळं दिसत होतं. दत्तूने तानाजीचा पट्टा धरून त्याला ओढत आणलं. मध्येच त्याचा खांदा फुटला, मग जबडा. तरी त्याने तानाजीला दगडामागे ढकललं. मग ग्रेनेड आला. त्यानंतर तो हलला नाही.

चौदा-एकवीसला हुकूम मिळाला. अकरा मिनिटं. आम्ही उतरलो आणि नाल्यात लपलेल्या तिन्ही अतिरेक्यांना मारलं. एकावर मी अख्खं मॅगझिन रिकामं केलं. तो पहिल्या तीन गोळ्यांतच मेला होता.

चौकशीत मला दोष लागला नाही, उलट शिस्तीबद्दल शाबासकी मिळाली. दत्तूच्या घरी मीच गेलो. सुशीला वहिनींनी विचारलं, "काही बोलले का?" मी म्हणालो, "सेट बंद पडला होता, वहिनी. काही ऐकू आलं नाही." हे मी एकोणीस वर्षं तसंच ठेवलं. मला त्याची लाज वाटत होती, आजही वाटते.

ओपन डेला दुपारी दोनला लढाई सुरू झाली. मैदानाच्या कडेच्या उंचवट्यावर मी आणि क्लबातला पंजाबी हरप्रीत, ढाली घेऊन. खाली लियम नावाचा उंच पोरगा राजा झाला होता. ठरल्याप्रमाणे त्याचं शिरस्त्राण पडलं, तो गुडघ्यावर आला आणि तिघे स्पंजचे परशू घेऊन त्याच्यावर तुटून पडले. त्याने टेकडीकडे बघून हाक मारली. तीही ठरलेलीच होती.

"Come down! Come down to me!"

शिट्टी वाजली नव्हती. मी उतरलो.

"अंकल, अभी नहीं!" हरप्रीत मागून ओरडला.

मी पहिल्याला ढालीने उडवलं, दुसऱ्याला खांद्याने. तिसऱ्याच्या नाकावर ढालीची कड बसली आणि खरं रक्त आलं. मग राजाच्या अंगावर आडवा होऊन मी ओरडलो, "दत्तू, खाली डोकं! डोकं खाली!"

मैदान हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. केतकी धावत आली. "बाबा, तुम्ही राजाला मारायचं होतं! वाचवलंत काय?" मग तिने माझा चेहरा बघितला आणि माझ्या हातातली ढाल काढून घेतली. मी रक्ताळलेल्या पोराची माफी मागितली. तो नाक धरून म्हणाला, "No worries, mate."

घरी येऊन केतकीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिने ड्रॉवरमधून इंटरनॅशनल फोनकार्ड काढून दिलं. भारतात सकाळचे साडेअकरा झाले होते.

"वहिनी, गणपत बोलतोय. तेव्हा मी खोटं बोललो. सेट चालू होता. दत्तूने मला हाक मारली होती आणि मी उतरलो नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"काय म्हणाले?"

"गणपत, खाली ये."

"आवाज कसा होता, भावजी? घाबरलेले होते?"

"नाही. जेवायला बोलवावं, तसा."

वहिनी रडल्या. मग म्हणाल्या, "एवढं तरी तेव्हा द्यायचं होतंत मला."

शिपाई विलास मोरे. नायक दत्ताराम कदम. दत्तूने हाक मारली होती, आणि मला ती ऐकू आली होती.