का गं?

नागपूरच्या विमानतळावर बाबा सायलीला म्हणाले होते, "सांभाळून घे याला. हा फार बोलत नाही." सगळे हसलो. आमच्या लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

इकडे अमेरिकेत, कॅरीत आल्यावर मी ऑफिस, ड्राइव्ह आणि क्लायंटच्या कॉल्समध्ये बुडालो. सायलीच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नागपुरात शाळेत गणित शिकवणारी ती इथे घरात बसून राहिली. पुढे वर्क परमिट आलं, तिला जॉब लागला. आणि गेल्या वर्षी एका रविवारी चहा पिताना तिने सांगितलं, ऑफिसमधल्या एकात ती गुंतली होती. ते संपलं होतं, पण लपवून राहणं तिला जमेना. मी उठून कप विसळला आणि त्या दिवसापासून खालच्या खोलीत झोपायला लागलो. तिकडे आईबाबांना फोनवर "सगळं मस्त" सांगत राहिलो. तुमच्यापैकी जे इकडे आलेत, त्यांना हे "मस्त" माहीत असेल.

त्याच सुमारास आमच्या मराठी वाचनगटाने एक जुनी परदेशी कादंबरी घेतली होती. बायकोचं दुसऱ्यावर प्रेम आहे हे कळल्यावर त्यातला नवरा तिला एवढंच बजावतो, की चारचौघांत शोभा नको. लायब्ररीत सगळे त्याला नावं ठेवत होते. मी मान खाली घालून बसलो होतो.

"यार, पण त्याने करायचं तरी काय?" कोणीतरी म्हणालं.

तेव्हा देशपांडेकाका, आमच्यातले निवृत्त डॉक्टर, चष्मा पुसत म्हणाले, "माझ्यावर आली होती ही वेळ. मी मोठ्या मनाने माफ केलं. पुढे जन्मभर संसार केला. पण 'का गं?' असं एकदाही विचारलं नाही. आता तुमची काकू गेली. कोणाला विचारू?"

घरी आलो तेव्हा सायली कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "का गं?"

तिने हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "दिवसभर तुझी वाट बघायचे. तू आलास की विचारायचास, जेवायला काय आहे? त्याने विचारलं, तू गणित कसं शिकवायचीस? हे कारण आहे रे. सबब नाही."

मी चिडलो, ओरडलो. तीही ओरडली. मग दोघंही रडलो. त्या दिवशी आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो इतकं बोललो.

अजून सगळं सावरलेलं नाही. एखाद्या दिवशी तिच्याकडे बघवत नाही. घर म्हटलं की मला नागपूर आठवायचं; ते तिथे असणारच, ही खात्री होती. या घराची तशी खात्री नाही. संध्याकाळी गॅरेजचं दार वर जातं, आत सायलीची गाडी दिसते आणि माझा जीव भांड्यात पडतो.